झेफिरीनचा डावा गाल

माझी मावशी झेफिरीन दगड घासायची. कसले दगड म्हणून विचारू नका, सांगतेच. शिळाप्रेसचे. ज्या दगडावर चित्र काढून छापतात, तो काम संपलं की पुन्हा कोरा करावा लागतो. दगडावर दगड ठेवायचा, मध्ये ओली वाळू घालायची आणि वरचा दगड फिरवत राहायचं, जुनं चित्र करडा चिखल होऊन वाहून जाईपर्यंत. मग बारीक वाळू, मग त्याहून बारीक. काम पुरुषाचं. बुर्देच्या छापखान्यात ते आधी माझे आजोबा करायचे. ते गेले तेव्हा मावशी त्यांच्या जागी उभी राहिली, आणि मालक बुर्देंना नवा माणूस शोधायचा कंटाळा होता, म्हणून उभीच राहिली.

विशीत असताना तिच्या हातून तेजाबाची बाटली निसटली. फरशीवर फुटली आणि उडालं ते डाव्या गालावर. डोळा वाचला. डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत कातडी आक्रसून सुकलेल्या सफरचंदासारखी झाली. तेव्हापासून मावशीने जगाला फक्त उजवी बाजू दाखवली. पावाच्या दुकानात, चर्चच्या बाकावर, जेवणाच्या टेबलाशी ती अशी जागा धरायची की डावीकडे भिंत यावी. डोक्याचा रुमालही त्या बाजूने पुढे ओढलेला. छापखान्यात शाईचा रूळ फिरवणारा फुल्जाँस तिला ‘अर्धा चंद्र’ म्हणायचा. ती त्याला ‘शाईचा डबा’ म्हणायची. एवढ्यावर त्यांचं बरं चाललं होतं.

तिशीच्या आसपास तिला ओनेझीम भेटला. तो कालव्याच्या दरवाज्यांवर होता. होड्या आल्या की दरवाजे उघडायचे, पाणी चढवायचं, उतरवायचं, पुन्हा लावायचे. राहायला दरवाज्यांशेजारीच सरकारी घर, घरात तो आणि त्याची आई. लहानपणी तापात त्याचा डावा कान गेला होता. त्यामुळे ज्याचं बोलणं ऐकायचं तो माणूस त्याच्या उजव्या हाताला हवा. म्हणजे कालव्याकाठच्या बाकावर तो मावशीच्या डावीकडे बसायचा. नेमका.

“इकडून या ना,” मावशी म्हणायची.

“तिकडून मला ऐकू येत नाही. तुमचं बोलणं ऐकायला आलोय, बघायला नाही.”

“हे ऐकून मला बरं वाटायला हवं?”

“वाटलं तर बघा.”

ती मान वळवून वळवून अवघडून जायची आणि तो पाण्याकडे बघत आरामात बसलेला असायचा. असं सगळं एक उन्हाळाभर चाललं आणि त्याने लग्नाचं विचारलं.

त्याची आई ऑर्तान्सबाई. हिच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण गोष्ट तिच्यापाशी अडली. ओनेझीमला अदेलिन नावाची धाकटी बहीण होती. टोप्यांच्या दुकानात शिवायला जायची. एक दिवस ती पिगालच्या चौकात जाऊन उभी राहिली, जिथे चित्रकार येतात आणि चित्रासाठी बसवायला बायका निरखून, पसंत करून घेऊन जातात. वर्षभरात तिचं घरी येणं कमी झालं, मग थांबलं. ऑर्तान्सबाईंनी तिची खुर्ची माळ्यावर टाकली आणि त्या घरात अदेलिनचं नाव संपलं. मुलाने झेफिरीनचं सांगितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, “गाल जळका आहे ना? असू दे. गालाने काय स्वयंपाक करायचाय? पण चित्रकारापुढे बसलेली बाई या घरात पुन्हा नको. ती तशी नाही ना?”

“दगड घासते, आई.”

“मग कर.”

लग्न ईस्टरनंतर ठरलं.

त्याच हिवाळ्यात मस्यू लेस्क्यूर छापखान्यात आले. हे चित्रकार, म्हणून सगळे त्यांना ‘मस्यू’, म्हणजे साहेब, म्हणायचे. दगड मोठा, घरी नेणं शक्य नाही, म्हणून उत्तरेच्या खिडकीपाशी बसून काढायचे. आधी तेलकट खडूने सगळा दगड काळा करायचे आणि मग पात्याने खरवडून त्यातून उजेड बाहेर काढायचे. बुर्देंच्या कारागिरांना हे लांबूनच बघून हसू यायचं. ही माणसं चॉकलेटच्या डब्यांची आणि गाण्यांच्या पुस्तकांची चित्रं काढणारी. त्यांच्या प्रत्येकाच्या टेबलावर एक हातआरसा असायचा. दगडावर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं, डाव्याचं उजवं होतं. म्हणून समोरची वस्तू आरशात बघायची आणि आरशात दिसते तशी दगडावर काढायची. मग कागदावर सुलटी येते. हा धंद्याचा पहिला धडा. मस्यू लेस्क्यूर आरसा वापरत नव्हते. दिसेल तसं काढत होते. पण त्यांच्या कोपऱ्यात कोणी फिरकतच नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

दुपारी सगळे समोरच्या दारूच्या दुकानात जेवायला जायचे. मावशी जायची नाही. तिथे चारही बाजूंनी माणसं, भिंत मिळायची नाही. ती शेगडीजवळ बसून पाव आणि खारा मासा खायची.

“जरा तशाच राहाल का?” एका दुपारी मस्यू लेस्क्यूर म्हणाले.

“कशी?”

“आहात तशा. उजेड उजव्या बाजूला येऊ दे. डावी बाजू काळोखात राहिली तर चालेल ना?”

“ती काळोखातच असते.”

“मग आपलं जमेल.”

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “रुमाल काढता?”

तिने काढला. केसही सुटले. आता परक्या पुरुषापुढे केस सोडून बसणं म्हणजे आमच्या गल्लीत काय समजलं जायचं, ते मी सांगत बसत नाही. तिला कोणी भुलवलं नव्हतं. धमकावलं नव्हतं. ऑर्तान्सबाईंची अट तिला पाठ होती. तरी काढला. मी मोठी झाल्यावर तिला सरळ विचारलं, का काढलास? ती म्हणाली, “तो बघत होता आणि कळवळत नव्हता. तू बसून बघ कधी अशी कोणापुढे, मग विचार.” मी बसले नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

आठवडाभर दुपारी ती बसली. रस्त्यावरचं दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं, म्हणजे उद्या कोणी काही म्हणायला नको. थंडीने तिचे ओठ निळे पडायचे.

मग दगडावर तेजाब आणि डिंकाचं पाणी फिरलं, रूळ फिरला आणि फुल्जाँसने पहिला छाप उचलला. सगळे जमले. काळं, सगळं काळं, धुराड्याच्या आतल्या भिंतीसारखं. त्या काळ्यातून अर्धा चेहरा वर आलेला. एक गाल, नाकाची कड, सुटलेल्या केसांच्या चार बटा. दुसरा अर्धा काळोखात असा मिसळलेला की चेहरा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये. आजूबाजूला उजेडाचे बारीक कण, पीठ उडाल्यासारखे. खाली नाव होतं ‘उंबऱ्यावर’. चित्रात उंबरा कुठेच नव्हता. आता ते चित्र काचेआड टांगलेलं असतं आणि लोक त्यापुढे उभे राहून आत्मा, मृत्यू असलं काहीबाही बोलतात. बोलू देत.

मावशी पाण्याची बादली धरून सगळ्यांच्या मागे उभी होती.

“आयला,” फुल्जाँस म्हणाला, “ही तर आपली झेफिरीन!”

सगळे वळले. मावशी सांगायची, त्या क्षणी मला कालव्यावरचं घर दिसलं, आणि त्याचं दार लागताना दिसलं.

मालक बुर्देंनी चष्मा चढवला. “कुठून झेफिरीन? हिचा डावा गाल बघ. लख्ख आहे. काळोखात आहे तो उजवा.”

“हां, खरंच की. आपल्या चंद्राचा डावाच गेलाय.”

“नाकात थोडं साम्य आहे,” म्हातारा तिबो म्हणाला. डब्यांवरची चित्रं काढणारा तो सगळ्यांत जुना कारागीर.

“नाक सगळ्यांनाच असतं, तिबोबाबा.”

“झेफिरीन,” फुल्जाँस ओरडला, “असा गाल असता तर तू इथे दगड घासत बसली असतीस का?”

“तू तरी इथे दिसला असतास का? माझा दरवान म्हणून ठेवला असता तुला.”

हशा पिकला आणि माणसं पांगली.

गंमत अशी की ही चूक करावी ती नेमकी याच माणसांनी. या माणसांचा जन्म उलट्या अक्षरांत आणि उलट्या चेहऱ्यांत गेला होता. दगड नेहमी खोटं सांगतो आणि कागद नेहमी खरं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. एखादा माणूस दगडावर सरळ दिसेल तसं काढेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. छाप बघून ओळख पटली ती फक्त झेफिरीनला. रोज सकाळी आरशात तिला हाच चेहरा दिसायचा. जळकी बाजू डावीकडे, चांगली उजवीकडे. तो चेहरा तसा बघितलेली ती जगात एकटीच होती.

त्या दिवशी तिने घरी येऊन दोनदा वाढून सूप घेतलं, असं माझी आई सांगायची. वाचले म्हणाली. पण तीन-चार दिवसांतच तिचा नूर बदलला. भांडी आपटायला लागली. “चोरी पचली म्हणून आनंद करावा,” ती माझ्या आईला म्हणाली, “तर माल माझा नव्हताच असं सगळे म्हणतात.”

शनिवारी संध्याकाळी ओनेझीम तिला न्यायला आला. छाप दोरीवर वाळत होते. तो एकापुढे थांबला.

“ही कोण?”

“तुम्हाला कोण वाटते?”

त्याने बराच वेळ बघितलं. “ओळखीची नाही. पण हिला थंडी वाजतेय.”

मावशी कालव्यापर्यंत भराभर चालत राहिली. तो तिच्या डावीकडून चालत होता आणि विचारत होता, काय झालं? मी काय केलं?

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं पुकारतात, त्यातला पहिला पुकारा पुढच्या रविवारी व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी सगळे छाप पूर्ण झाले आणि बुर्देंनी दगड मावशीकडे दिला. “घासून टाक. मस्यू लेस्क्यूरना शब्द दिलाय, यानंतर एकही छाप निघणार नाही.” ही धंद्याची रीतच. तिने दगड हौदावर चढवला, वाळू टाकली, पाणी शिंपडलं. आणि वरचा दगड काही ठेवेना. माणसं हात धुऊन निघून गेली. ओनेझीम आला तेव्हा ती तशीच उभी होती.

तिने तिबोच्या टेबलावरचा आरसा उचलला. शाई जरा जास्त लागून बाद झालेला एक छाप भिंतीला टोचलेला होता, त्याच्यापुढे आरसा धरला.

“इकडे या. कागदाकडे नाही, आरशात बघा.”

त्याने बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा आरशात.

“केस सोडलेले होते?”

“हो.”

“दार?”

“उघडं. म्हणून थंडी.”

“कोणी ओळखलं होतं तुला?”

“कोणी नाही.”

“मीसुद्धा नाही.”

“तुम्हीसुद्धा नाही.”

“मग दाखवलंस कशाला? मुकाट्याने घासून टाकायचा होतास. जन्मात कोणाला कळलं नसतं.”

“तुम्हीसुद्धा ओळखलं नाही, म्हणून.”

तो कोळशाच्या पेटीवर बसला. नंतर उठून कागदाजवळ गेला आणि काळ्या भागावर बोट ठेवलं. “मी या बाजूला बसतो,” म्हणाला. “ही उजेडाची बाजू मला तशी ठाऊकच नाही.” बोटाला शाई लागली, ती त्याने विजारीला पुसली. “आईला सांगावं लागेल. आमच्या घरात एक गोष्ट न बोलता ठेवलीय, तेवढी पुरे झाली.”

“सांगा.”

“ती नाही म्हणेल.”

“म्हणू दे.”

तो गेला. मावशीने दगड घासला. पार कोरा होईपर्यंत घासला.

रविवारी ती चर्चमध्ये भिंतीशी बसून होती. पाद्रीबाबांनी दोन जोडप्यांची नावं पुकारली. त्यात ओनेझीम आणि झेफिरीन नव्हते.

त्याच आठवड्यात ऑर्तान्सबाई छापखान्यात आल्या. काळी टोपी, हातात छत्री. आत शिरताच म्हणाल्या, “झेफिरीनला मी ओळखते. चित्र कुठाय?”

मावशीने भिंतीवरचा छाप दाखवला.

“ही तू नाहीस.”

“आहे.”

“मला डोळे आहेत. हा गाल धड आहे.”

मावशीने आरसा धरला. म्हातारी वाकली. फुल्जाँस मागून डोकावला आणि त्याच्या तोंडून “अरे देवा” एवढंच निघालं. तिबो चष्मा पुसत उठला.

“वा,” ऑर्तान्सबाई म्हणाल्या. “चांगला गाल परक्याला दाखवलास, आणि जळका माझ्या मुलाला?”

“तुमचा मुलगाच त्या बाजूला बसतो. मी कितीदा म्हटलं, इकडून या.”

फुल्जाँस फिस्सकन हसला.

“तू गप रे, शाईच्या डबड्या.”

“बघा, यांनासुद्धा तेच नाव सुचलं,” फुल्जाँस पुटपुटला. पण पुढे कोणी हसलं नाही, कारण म्हातारीने मावशीच्या हातातून आरसा घेतला होता आणि ती तो कागदापुढे धरायची, काढायची, पुन्हा धरायची.

“हे सगळेच असं उलटं करतात?” तिने विचारलं. आवाज आता वेगळा होता.

“कारागीर नाही करत, बाई,” तिबो म्हणाला. “पण हे असले चित्रकार... काही करतात, काही नाही. त्यांचा काय नेम.”

“म्हणजे आपलं माणूस समोर टांगलेलं असलं तरी ओळखू येणार नाही.”

छापखान्यात कोणाला काही माहीत नव्हतं. मावशीला होतं.

“अदेलिनची उजवी भिवई तुटलेली आहे,” ऑर्तान्सबाई तिच्याकडेच बघून म्हणाल्या. “लहानपणी जिन्यावरून पडली होती. इतकी वर्षं मी दुकानांच्या काचांतून प्रत्येक बाईची उजवी भिवई बघत आले.”

ओनेझीमला हे ठाऊक नव्हतं. आई अशा दुकानांपुढून मान खाली घालून जाते, अशी त्याची समजूत होती.

“आरसा कोणाचा?”

“माझा,” तिबो म्हणाला. “न्या तुम्ही.”

म्हातारीने आरसा शालीत गुंडाळला. दारापर्यंत गेली आणि वळली. “रविवारी चर्चमधला मिस्सा संपला की ये. नदीकाठी त्या जुन्या पुस्तकांच्या, चित्रांच्या पेट्या असतात ना, तिथे जायचंय. एका हाताने चित्र आणि दुसऱ्या हाताने आरसा, मला जमायचं नाही. हात कापतात माझे.”

“आणि पुकारा?” मावशीने विचारलं.

“पाद्रीबाबांना सांगते. त्याच मिस्साला करतील. काय, घाई आहे?”

“आहे.”

“मग रुमाल नीट बांधून ये. माझ्याबरोबर केस सोडून हिंडायचं नाही.”

लग्न ईस्टरनंतर, ठरल्या दिवशीच झालं.

त्यानंतर कित्येक वर्षं, हवा बरी असली की रविवारी सासू-सून नदीकाठी जायच्या. मावशी एकेक चित्र पेटीतून उचलून दोन्ही हातांनी ताणून धरायची, म्हातारी समोरून आरसा. पेटीवाले म्हणायचे, आल्या आरशावाल्या. वारा असायचा, मावशीचा रुमाल मागे सरकायचा, आणि हात मोकळे नसल्यामुळे ती तो पुढे ओढू शकायची नाही. पुढे पुढे ओढायचीच बंद झाली. मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं, आरसा कशाला लागतो, डावी उजवी दोन्ही भिवया बघा की, काम लवकर होईल. मावशी म्हणाली, “भिवई कोणाचीही तुटते. चेहरा ओळखायचाय त्यांना.” एकदा खोकल्याच्या गोळ्यांच्या जाहिरातीवरची एक बाई त्यांनी घरी आणली होती. आठवडाभर ती स्वयंपाकघरात टांगलेली होती, आरसा तिच्यासमोर. मग ऑर्तान्सबाई म्हणाल्या, नाक जाडं आहे, आणि त्यांनी त्याच कागदाने शेगडी पेटवली.

अदेलिन सापडली नाही.

तिची खुर्ची मात्र माळ्यावरून खाली आली होती. लग्नानंतर मावशी त्या घरी गेली तेव्हा टेबलाशी चार खुर्च्या होत्या. माळ्यावरून उतरवलेली ती आपल्यासाठीच, असं समजून ती बसायला गेली, तर ऑर्तान्सबाई म्हणाल्या, “ती नाही. तुझी नवी आणलीय.” नवी खुर्ची अशी मांडलेली होती की ओनेझीम तिच्या डावीकडे यावा आणि डावीकडे भिंत नसावी. मावशी तिथेच बसली. जुनी रिकामी राहिली. मी पाच-सहा वर्षांची असताना, मोठ्यांचं लक्ष नसताना त्या रिकाम्या खुर्चीवर चढून बसले होते. म्हातारीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तोंडातला पाव बाहेर आला.